बर्फाचा हिशेब

गेल्या महिन्यात माझी नात चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. ती पुण्याला एका कंपनीत नोकरी करते. काम काय, तर संगणकावर उष्णतेचे हिशेब करायचे. विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी फार तापू नये म्हणून तिच्याभोवती मेण भरता येते. बॅटरी तापली की मेण वितळते आणि वितळताना उष्णता पिऊन घेते. प्रत्यक्ष मेण ओतण्याआधी हे सगळे संगणकावर करून पाहतात. त्याला सिम्युलेशन म्हणतात, एवढे ज्ञान मला तिच्याचमुळे झाले.

सुट्टीवर आली तरी लॅपटॉप बरोबर होताच. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो तर बाईसाहेबांचा चेहरा उतरलेला.

"काय गं, काय झालं?"

"आजोबा, हिशेबच जुळत नाहीये. बॅटरीतून मेणात शंभर भाग उष्णता गेली असं धरा. मेणात साठलेली मोजली तर एकशे नऊ भरतेय. वरचे नऊ आले कुठून?"

"मग आता काय करणार?"

"आमच्यातला एक जण म्हणाला, एक गुणक टाक आणि जुळवून घे. दहा मिनिटांचं काम आहे."

वाचकहो, हा 'जुळवून घे' शब्द माझ्या मनाला लागला. त्याचे कारण जुने आहे, ते आधी सांगतो.

१९७८ सालची गोष्ट. मी एका शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होतो. विज्ञानाचे सर दोन महिन्यांच्या रजेवर गेले आणि एका वर्गाचे विज्ञान माझ्या गळ्यात आले. मी पडलो बी.ए., तेही मराठी माध्यमातून. आदल्या रात्री धडा वाचायचा आणि सकाळी शिकवायचा, असा क्रम चालला होता. एके दिवशी बर्फाचा प्रयोग होता. भांड्यात बर्फाचा चुरा घ्यायचा, खाली दिवा लावायचा, चुरा ढवळत राहायचे आणि दर दोन मिनिटांनी तापमान वहीत लिहायचे. बर्फ भुशात घालून गोणपाटातून आणला होता. मुले खुशीत होती.

एका मुलाने वहीत लिहिले : ०, ०, ०, ०, ०. मला वाटले, हा थर्मामीटरकडे न बघता आळसाने शून्ये मांडतो आहे. मी रागावलो. तो म्हणाला, "सर, मी खरंच पाहिलंय." मी म्हणालो, "मग खाली दिवा काय फुकट जळतोय?" ते पान मी त्याला फाडायला लावले आणि नव्या पानावर ०, २, ४, ६ असे चढते आकडे लिहून घेतले. रात्री पुढचे पान वाचले तेव्हा कळले, की मुलगा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी मी धडा नीट शिकवला, पण त्याच्या वहीबद्दल एक शब्दही बोललो नाही. मास्तरने चूक कबूल केली तर वर्गात काय राहील, असे तेव्हा वाटायचे.

त्या दिवसापासून या विषयाचा इतिहास जिथे मिळेल तिथे वाचत आलो. विज्ञान मला किती कळले ते सोडा, पण इतिहास कळला असे म्हणायला हरकत नाही. नातीलाही मी तोच सांगितला.

गोष्ट स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातली आहे. जोसेफ ब्लॅक हा माणूस १७२८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथे जन्मला. वडील तिथे दारूचे व्यापारी होते. १७५६ पासून तो ग्लासगोच्या विद्यापीठात शिकवू लागला. रसायनशास्त्र आणि वैद्यक हे त्याचे विषय. उत्तम शिक्षक म्हणून त्याची ख्याती होती.

त्या काळापर्यंत थर्मामीटर चांगले बनू लागले होते, पण त्यामुळेच एक गैरसमजही पक्का झाला होता. थर्मामीटर जे दाखवतो तीच उष्णता, असे लोक धरून चालत. सोन्याचा भाव आणि सोन्याचे वजन यांत गोंधळ करावा, तसे हे होते. या समजुतीला पहिला धक्का एका साध्या प्रयोगाने बसला होता. खुद्द फॅरनहाइटने पारा आणि पाणी मिसळून पाहिले होते. १०० अंशांचे पाणी आणि तेवढ्याच आकारमानाचा १५० अंशांचा पारा एकत्र केला, तर मिश्रण १२५ वर यायला हवे. ते आले १२० वर. (या लेखातले जुने आकडे फॅरनहाइटचे आहेत. त्यात बर्फ ३२ अंशांना वितळतो आणि पाणी २१२ अंशांना उकळते.) पारा पाण्याच्या तेरापटींहून जड, तरी त्याचे उष्णतेचे वजन पाण्यापेक्षा कमी पडले. ब्लॅकने यावरून असे म्हटले, की प्रत्येक पदार्थाची उष्णता सामावून घेण्याची ताकद वेगळी असते. आपण पुस्तकात ज्याला विशिष्ट उष्मा म्हणतो, त्याचा उगम इथे आहे.

पण खरा पेच बर्फाचा होता. तेव्हाचे विद्वान असे मानत, की बर्फ ३२ अंशांपर्यंत आला की पुढे अगदी थोडी उष्णता मिळाली तरी त्याचे पाणी होते. ब्लॅकने यावर जो आक्षेप घेतला तो मला फार आवडतो, कारण त्याला प्रयोगशाळा लागत नाही. तो म्हणाला, असे असते तर उन्हाळ्याची चाहूल लागताच डोंगरांवरचा सगळा बर्फ एकदम वितळला असता आणि महापुरांनी खालची गावे वाहून गेली असती. तसे तर होत नाही. बर्फ आठवडेच्या आठवडे हळूहळू वितळत राहतो. म्हणजे त्याला वितळायला पुष्कळ उष्णता लागत असली पाहिजे. मग ती थर्मामीटरला का दिसत नाही?

१७६१ च्या हिवाळ्यात त्याने हे मोजून पाहिले. पातळ काचेचे दोन सारखे गोल घेतले आणि प्रत्येकात पाच औंस पाणी भरले. एकातल्या पाण्याचा बर्फ केला, दुसऱ्यातले पाणी ३३ अंशांपर्यंत गार केले. दोन्ही गोल एका मोठ्या दालनात टांगले. दालनाची हवा ४७ अंशांवर स्थिर होती. अर्ध्या तासात पाणी ३३ वरून ४० अंशांवर आले. म्हणजे ७ अंश चढले. बर्फाच्या गोलाला त्याच ४० अंशांवर यायला किती वेळ लागला? साडेदहा तास!

आता हिशेब बघा. हवा तीच, काच तीच, गोल तेवढाच. तेव्हा बर्फालाही दर अर्ध्या तासाला साधारण तेवढीच उष्णता मिळत असणार. साडेदहा तास म्हणजे २१ अर्धे तास. २१ गुणिले ७ म्हणजे १४७. त्यातले ८ अंश ३२ वरून ४० वर चढण्यात दिसले. उरलेले १३९ कुठे गेले? थर्मामीटरच्या लेखी ते आलेच नव्हते.

इथे दोन वाटा होत्या. हवेकडून उष्णता मिळालीच नसेल असे म्हणून सोडून देता आले असते. पण ब्लॅकने सांगितले, की उबदार खोलीत बर्फाचा तुकडा दोरीने टांगा आणि खाली हात धरा. गार हवेची धार सतत खाली येताना हाताला कळते. म्हणजे बर्फ सारखा भोवतालच्या हवेतून उष्णता काढून घेतो आहे. जमा बाजू खरी आहे. तेव्हा वहीतच एक खाते कमी आहे. बर्फाचे पाणी होण्यात जी उष्णता खर्च होते आणि थर्मामीटरला दिसत नाही, तिला त्याने लपलेली उष्णता असे नाव दिले. आपल्या पुस्तकांत तिला अप्रकट उष्मा म्हणतात. ती नाहीशी होत नाही. पाणी पुन्हा गोठताना सगळी परत मिळते.

एका पद्धतीवर तो थांबला नाही. दुसऱ्या वेळी त्याने बर्फ मोजून गरम पाण्यात टाकला आणि मिश्रणाच्या तापमानावरून तोच आकडा काढला. तो आला १४३. आज आपण १४४ धरतो. काचेचे दोन गोल आणि एक मोठे दालन एवढ्या सामग्रीवर! २३ एप्रिल १७६२ रोजी त्याने ग्लासगोतल्या विद्वानांच्या मंडळापुढे हे वाचून दाखवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाफेची पाळी आली. सपाट बुडाच्या पत्र्याच्या भांड्यात ५० अंशांचे पाणी घेऊन ते तापून लाल झालेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवले. ४ मिनिटांत उकळी आली, पण पाणी पुरते आटायला पुढे २० मिनिटे लागली. ४ मिनिटांत १६२ अंश, तर २० मिनिटांत ८१० अंशांची उष्णता. ती सगळी वाफेत लपली. आजच्या मापाने हा आकडा ९७० च्या आसपास आहे, म्हणजे ब्लॅकचा कमीच पडला. पण एवढी उष्णता वाफेत दडलेली असते, हेच तोवर कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

हा आकडा सुधारला तो एका कारागिराने. जेम्स वॉट तेव्हा त्याच विद्यापीठाच्या आवारात उपकरणे दुरुस्त करायचे दुकान चालवत होता. १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची एक लहान प्रतिकृती दुरुस्तीला आली. दुरुस्त झाली, पण चार-दोन फेरे मारून बंद पडायची. वॉटनेही हिशेबच मांडला. एवढ्याशा वाफेचे पाणी करायला एवढे थंड पाणी का ओतावे लागते आणि ते एवढे तापून का बाहेर येते? त्याने किटलीतून एक वाकडी काचेची नळी थंड पाण्यात सोडली आणि मोजून पाहिले. एक भाग पाण्याची वाफ विहिरीच्या सहा भाग पाण्याला उकळीपर्यंत नेत होती! विहिरीचे पाणी ५२ अंशांचे धरले तर ६ गुणिले १६० म्हणजे ९६०. आजच्या आकड्याच्या किती जवळ आहे पाहा.

वॉट गोंधळून ब्लॅककडे गेला तेव्हा ब्लॅकने त्याला लपलेल्या उष्णतेचा सिद्धांत समजावून सांगितला. १७६५ मध्ये वाफ वेगळ्या भांड्यात थंड करण्याची युक्ती वॉटला सुचली आणि १७६९ मध्ये त्याने पेटंट घेतले. ही युक्ती ब्लॅकच्या सिद्धांतातूनच निघाली, असे पुढे काहींनी लिहिले. वॉटने मात्र ते नाकारले. सिलिंडर दर फेरीला गार करून पुन्हा तापवण्यात वाफ वाया जाते, हे त्याने स्वतः मोजून पाहिले होते. दोघे आयुष्यभर मित्र राहिले.

ब्लॅकने आपला सिद्धांत कधी छापलाच नाही, फक्त वर्गात शिकवला. तिकडे स्वीडनमध्ये विल्के याने १७७२ साली स्वतंत्रपणे तीच गोष्ट शोधून प्रसिद्ध केली. ब्लॅक १७९९ मध्ये वारला आणि त्याची व्याख्याने १८०३ मध्ये त्याचा मित्र रॉबिसन याने छापली. वर्गातल्या शिकवण्यावर एवढा भरवसा ठेवणारा माणूस म्हणून एका शिक्षकाला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली, तर नवल नाही.

यात आणखी एक गंमत आहे. उष्णता हा एक प्रकारचा सूक्ष्म द्रव आहे, असे त्या काळी पुष्कळ जण मानत. लव्हाझिएने १७८९ मध्ये तिला मूलद्रव्यांच्या यादीतच बसवले. ही समजूत साफ चुकीची होती, तरी बर्फाचा हिशेब बरोबर आला. का? कारण वहीची शिस्त पक्की होती. जे आले ते कुठेतरी असलेच पाहिजे, एवढे त्यांनी सोडले नाही. मग १७९८ मध्ये रमफर्डने म्युनिकच्या कारखान्यात तोफा कोरताना उलटा पेच पाहिला. घर्षणातून उष्णता निघतच राहते, संपतच नाही. इथे शिल्लक जमेपेक्षा जास्त होती! तो हिशेब जुळायला जूलची वाट पाहावी लागली. एक पौंड पाणी एक अंशाने तापवायला ७७२ फूट-पौंड काम खर्ची पडते, असे त्याने १८५० मध्ये दाखवले आणि वहीत कामाचे खाते उघडले गेले. उष्णता द्रव नसून ऊर्जा आहे, हे असे हिशेबाच्या वहीतून कळले.

माझे वडील गावातल्या सोसायटीची किर्द लिहीत असत. एका आण्याचा फरक आला तरी रात्री कंदील लावून बसायचे. आई म्हणायची, "अहो, एक आणा खिशातला टाका आणि झोपा." ते म्हणायचे, "आणा टाकला तर चूक कायमची झाकली जाईल." मला ते तेव्हा अतीच वाटायचे.

नातीने हे सगळे ऐकून घेतले. म्हणाली, "पण आजोबा, माझे वरचे नऊ म्हणजे काही नवा शोध नाही. चूक माझीच असणार."

तिचे खरे होते. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा चूक आपलीच असते. पण ती कुठली ते फरक उघडा ठेवल्याशिवाय कळत नाही. मग तिने पद्धतशीर शोध सुरू केला, मी शेजारी बसून बघत होतो. आधी तिने मेणाचे वितळणे बंद ठेवून हिशेब केला. शंभराला शंभर जुळले. म्हणजे दोष वितळण्याच्या भागात. मग काळाचे टप्पे निम्मे केले. फरकही निम्म्याच्या आसपास आला. तिथे चोर सापडला.

तिने मला समजावले ते असे. संगणक मेणाचे बारीक तुकडे करतो आणि वेळेचेही. दर टप्प्याला प्रत्येक तुकड्यात किती उष्णता आली-गेली ते मांडून नवे तापमान काढतो. मेण समजा ४० ते ४१ सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. तेव्हा त्या एका अंशात मेण खूप उष्णता खाते, असे प्रोग्रामला सांगून ठेवलेले असते. पण टप्पा मोठा असला की एखादा तुकडा एकाच उडीत ३९ वरून ४२ वर जातो. मधल्या अंशात तो थांबतच नाही. वितळण्याची उष्णता त्याने दिलीच नाही, आणि वितळला मात्र. शेवटी बेरीज करताना वितळलेला म्हणून ती न दिलेली उष्णता त्याच्या नावावर चढली. तेच ते वरचे नऊ!

म्हणजे संगणकानेही तेच केले, जे ब्लॅकच्या आधी लोक करत होते. थर्मामीटरलाच वही समजला. त्यावर उपाय असा, की तापमानाची नव्हे, उष्णतेचीच खतावणी ठेवायची आणि तापमान तिच्यावरून काढायचे. १९८७ साली व्होलर आणि प्रकाश यांनी प्रसिद्ध केलेली या जातीची पद्धत अजून वापरात आहे, असे ती म्हणाली. शिवाय तिने एक जुने गणित सोडवून प्रोग्रामची परीक्षा घेतली. ध्रुवाजवळच्या समुद्रावर बर्फ किती जाड होईल, याचे हे गणित ऑस्ट्रियाच्या श्टेफानने १८८९ च्या सुमारास मांडले. त्यात जाडी दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे प्रोग्राम खोटे बोलला तर लगेच कळते. तीन दिवस गेले, पण फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आला. गुणक टाकून जुळवले असते तर? उडी मारण्याची चूक तशीच राहिली असती, आणि मेण किती वेळ बॅटरी गार ठेवील याचा आकडा चुकीचा गेला असता. त्या गाडीत कुणीतरी बसणार आहे.

जाताना ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला विज्ञानाची एवढी आवड कशी?" मी तिला वहीच्या पानाची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "त्या मुलाला नंतर कधी सांगितलंत का?"

नाही सांगितले. दहावीनंतर त्याच्या घरच्यांनी गाव सोडले आणि पुढे गाठ पडली नाही. "दिवा काय फुकट जळतोय?" हा माझा प्रश्न तसा चुकीचा नव्हता. ब्लॅकला पडलेला प्रश्नही तोच होता. फरक एवढाच, की त्याने तो उत्तर शोधण्यासाठी विचारला आणि मी एका मुलाला गप्प करण्यासाठी. आज तो साठीच्या घरात असेल. कदाचित नातवंडांबरोबर संगणकावर बसत असेल आणि चुकूनमाकून हे पान त्याच्यासमोर येईलही. तर बाळा, तुझी पाचही शून्ये बरोबर होती. चूक माझी होती. हे मी दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगायला हवे होते.